स्वतंत्र व्यावसायिकाने परदेश निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी स्थायिक होण्याविषयी मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून वर्षभर लेखन येत असते. ते बहुतेक दोन प्रकारच्या वाचकांसाठी असते, शिकायला जाणारा विद्यार्थी आणि कंपनीने बोलावलेला नोकरदार. तिसऱ्या एका वर्गाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. परदेशी ग्राहकांसाठी घरबसल्या सॉफ्टवेअर लिहिणारे, यंत्रांचे आराखडे काढून देणारे अभियंते, डिझायनर, अनुवादक, छोटे निर्यातदार असे स्वतःच्या हिमतीवर व्यवसाय करणारे हे लोक पुण्या-नाशकातच नव्हे तर कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीतही आता मोठ्या संख्येने आहेत. मी सनदी लेखापाल असून माझे बहुतेक अशील याच वर्गातले आहेत. करोनाच्या साथीनंतर विवरणपत्राचे काम संपले की त्यांच्यापैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो: कुठल्या देशात गेलो तर टॅक्स लागणार नाही?

हा प्रश्न गैर नाही, पण तो पहिला नव्हे, आणि तो पहिला धरल्यामुळे पुढची सगळी आखणी चुकत जाते, असे माझे मत आहे. नोकरदाराचा परदेशातील रहिवास त्याच्या मालकाच्या कागदपत्रांवर उभा असतो. व्हिसाचा अर्ज, आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी, करकपात ही सगळी व्यवस्था कोणीतरी दुसरा पाहतो. स्वतंत्र व्यावसायिकाचा रहिवास त्याच्या स्वतःच्या धंद्यावर टिकतो. मोठा ग्राहक सुटला, वर्ष वाईट गेले, तर पुण्यात त्याचे उत्पन्न घटते इतकेच. परदेशात त्याच कारणाने त्याच्या परवान्याचे नूतनीकरण अडू शकते, आणि त्यावर अवलंबून असलेली पत्नी, मुलांची शाळा, घराचा भाडेकरार हे सारेच अडचणीत येते. म्हणून आपल्या पारपत्रावर, आपल्या व्यवसायाच्या स्वरूपात, त्या देशात राहण्याचा हक्क नेमका कशावर मिळतो आणि वाईट वर्षात तो टिकतो का, हे आधी पाहावे. कराचा दर त्यानंतर.

‘आपल्या पारपत्रावर’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. इंटरनेटवर या विषयावर जो सल्ला मिळतो तो प्रामुख्याने अमेरिकन किंवा युरोपीय माणसाने स्वतःसारख्यांसाठी लिहिलेला असतो. नेदरलँड्समध्ये केवळ साडेचार हजार युरोंचे भांडवल दाखवून व्यवसाय थाटता येतो, हे वाचून एक अशील फार उत्साहाने आले होते. ती सवलत १९५६ च्या अमेरिका-नेदरलँड्स मैत्री करारातून आलेली असून अमेरिकन नागरिकांसाठी आहे. भारतीयाला तिथे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून जायचे तर व्यवसाय डच अर्थव्यवस्थेला उपयोगी आहे हे गुणांकन पद्धतीने सिद्ध करावे लागते. अमेरिकेचा ‘ई-२’ हा गुंतवणूकदार व्हिसाही करारबद्ध देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. युरोपीय संघाच्या नागरिकाला संघातल्या कुठल्याही देशात जाऊन दुकान उघडता येते, त्यामुळे त्याने लिहिलेल्या ‘लिस्बन की बर्लिन’ अशा तुलनेत व्हिसाचा उल्लेखही नसतो.

गोमंतकीयांची गोष्ट याला अपवाद म्हणायला हवी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून घेता येते, आणि ते मिळाले की युरोपीय संघात स्वतंत्र व्यवसाय करण्याचा हक्क आपोआप येतो. अनेक गोमंतकीय कुटुंबे या वाटेने इंग्लंडला गेली. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतर, २०२० अखेर, नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. परंतु याची किंमतही ठाऊक असावी. भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याबरोबर भारतीय नागरिकत्व संपते.

आता दुबईविषयी, कारण दहापैकी आठ जणांच्या मनात तेच असते. दुबई जवळ आहे, आपली माणसे तिथे भरपूर आहेत, शाळा भारतीय अभ्यासक्रमाच्या आहेत, आणि व्यक्तीच्या पगारावर वा बचतीवर प्राप्तिकर नाही. हे सगळे खरे आहे. पण ‘करमुक्त दुबई’ हे वर्णन व्यावसायिकाला पूर्वीसारखे लागू पडत नाही. मूल्यवर्धित कर १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के आहे. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी पावणेचार लाख दिरहमांवरील नफ्यावर नऊ टक्के कंपनी कर लागू झाला आणि वैयक्तिक नावाने व्यवसाय करणाऱ्याची उलाढाल वर्षात दहा लाख दिरहमांवर गेली तर तोही या कराच्या कक्षेत येतो. लहान व्यवसायांसाठी तीस लाख दिरहम उलाढालीपर्यंतची सवलत आहे, पण ती २०२६ अखेरपर्यंतच्या करकालावधीपुरतीच आहे.

एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. पुण्यातला एक तांत्रिक सल्लागार वर्षाला साठ लाख रुपयांची बिले करतो, सगळी रक्कम बँकेतून येते. प्राप्तिकर कायद्याच्या ४४ एडीए या कलमाने अशा व्यावसायिकाला पंचाहत्तर लाखांच्या जमेपर्यंत निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची मुभा दिली, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नव्या कायद्यातही ती वेगळ्या क्रमांकाने कायम आहे. म्हणजे करपात्र उत्पन्न तीस लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीतील टप्प्यांप्रमाणे त्यावर चार लाख ऐंशी हजार कर आणि चार टक्के उपकर, एकूण चार लाख नव्याण्णव हजार दोनशे रुपये होतात. साठ लाखांच्या तुलनेत हे प्रमाण सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास पडते. परदेशी ग्राहकांना दिलेली सेवा निर्यात ठरते आणि हमीपत्र भरले की तिच्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. हा माणूस दुबईला गेला तर वर्षाला पाच लाख वाचतील, हे कबूल. पण मध्यमवर्गीय वस्तीतले घरभाडे, दरवर्षीचे परवान्याचे शुल्क, दोन मुलांची शाळा आणि चौघांचा आरोग्य विमा यांतल्या पहिल्या एकाच बाबीत ते संपतात.

त्याहून गमतीची गोष्ट व्हिसाची आहे. अमिरातीत स्वतंत्र व्यावसायिकासाठी पाच वर्षांचा ‘ग्रीन व्हिसा’ आहे. त्याला तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचा फ्रीलान्स परवाना, पदवी किंवा विशेष पदविका, आणि मागील दोन वर्षांत दरवर्षी किमान तीन लाख साठ हजार दिरहमांचे स्वयंरोजगारातील उत्पन्न किंवा मुक्कामभर पुरेल अशी आर्थिक ऐपत दाखवावी लागते. ही रक्कम रुपयांत ऐंशी लाखांच्या वर जाते. म्हणजे आमचा साठ लाखांचा सल्लागार उत्पन्नाच्या कसोटीवर तिथे बसतच नाही. त्याला मुक्त व्यापार क्षेत्रातील (‘फ्री झोन’) छोट्या मुदतीचा परवाना घ्यावा लागतो आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरणाची धावपळ करावी लागते. शिवाय सलग सहा महिने देशाबाहेर राहिले तर सर्वसाधारण रहिवास परवाना रद्द होतो, हे वृद्ध आईवडिलांच्या आजारपणात ज्यांना महिनोन्‌महिने गावी राहावे लागते त्यांनी ध्यानात घ्यावे.

माझा दुबईला विरोध नाही. वर्षाला दोन-तीन कोटींचा नफा असलेल्या, आखाती देशांतच ग्राहक असलेल्या निर्यातदाराला मी स्वतः तिथे जाण्याचा सल्ला दिला आहे, आणि २०२२ च्या भारत-अमिरात व्यापार करारानंतर तर त्यात अधिकच अर्थ आहे. परंतु साठ-सत्तर लाखांच्या व्यावसायिकाने केवळ कर वाचावा म्हणून संसार हलवावा, हे हिशेबात बसत नाही.

यानंतरचा मुद्दा असा की माणूस भारत सोडतो, पण भारतीय कायदा त्याला लगेच सोडत नाही. या बाबतीत अर्धवट माहिती सर्वांत महाग पडते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस करासाठी ‘निवासी’ ठरतो, म्हणजे त्याचे परदेशातले उत्पन्नही सर्वसाधारणपणे इथल्या कराच्या कक्षेत येते. १ एप्रिलपासून मोजले तर २९ सप्टेंबरला १८२ वा दिवस भरतो. म्हणजे त्या वर्षापासूनच अनिवासी व्हायचे असेल तर त्याआधी देश सोडायला हवा आणि उरलेल्या वर्षात दिवाळीला किंवा लग्नकार्याला येतानाही दिवस मोजायला हवेत. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला कायद्याने दिलेली १८२ दिवसांची सवलत स्वतःच्या व्यवसायासाठी जाणाऱ्यालाही मिळते, असा निकाल केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे आणि स्वतंत्र व्यावसायिकाला तो मोलाचा आहे. पुढील वर्षांत मात्र भारतातील उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असेल आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तर भेटीला येणाऱ्यासाठी ही मर्यादा १८२ ऐवजी १२० दिवसांवर येते. याशिवाय ज्या भारतीय नागरिकाचे भारतातील उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे आणि जो अन्य कुठल्याच देशात रहिवासाच्या नात्याने करपात्र नाही, त्याला २०२० च्या दुरुस्तीने निवासी मानले जाते, मग तो वर्षभर भारतात पाऊलही न ठेवो.

असा मानीव निवासी ‘सामान्यतः निवासी नसलेला’ या गटात मोडतो आणि त्याचे परदेशी उत्पन्न करातून सुटते, असे सांगून सल्लागार त्याला निश्चिंत करतात. वाक्याचा उरलेला अर्धा भाग सांगितला जात नाही. भारतातून नियंत्रित होणाऱ्या धंद्याचे किंवा भारतात उभ्या केलेल्या व्यवसायाचे परदेशी उत्पन्न या गटातही करपात्रच राहते. नोकरदाराला हे वाक्य सहसा लागू पडत नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला नेमके तेच लागू पडते. कोथरूडला ऑफिस, तिथे दहा मुले काम करणार, भाऊ देखरेख ठेवणार आणि मालकाने बिले मात्र दुबईच्या कंपनीच्या नावाने काढायची, ही रचना कागदावर कितीही सुबक दिसली तरी प्रत्यक्ष काम कुठे होते आणि निर्णय कोण घेतो हे प्राप्तिकर अधिकारी विचारणारच. संबंधित कंपन्यांमधील व्यवहार बाजारभावाने दाखवण्याचे नियम छोट्या व्यवसायालाही चुकत नाहीत. परदेशी कंपनीचे व्यवस्थापन भारतातून चालते म्हणून तिला भारतीय निवासी ठरवण्याची तरतूद पन्नास कोटींपर्यंतच्या उलाढालीला लावू नये असे परिपत्रक आहे, हा दिलासा खरा. पण त्याने वरचे बाकीचे प्रश्न सुटत नाहीत.

ग्राहक भारतातलेच असतील तर आणखी एक पेच पडतो. अनिवासी झालेल्या सल्लागाराला पैसे देताना भारतीय ग्राहकाला उगमस्थानी करकपात तपासावी लागते आणि आयात सेवा म्हणून वस्तू व सेवा कर स्वतः भरावा लागतो. मोठी कंपनी हे करील. चाकणचा छोटा कारखानदार कंटाळून दुसरा सल्लागार शोधील.

युरोपात जर्मनी मला व्यावसायिकाच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक देश वाटतो, कारण तिथे अटी कडक असल्या तरी लिहिलेल्या आहेत. तिथल्या रहिवास कायद्याच्या २१ व्या कलमात स्वतंत्र व्यावसायिकांची आणि धंदा करणाऱ्यांची वेगवेगळी व्यवस्था आहे. अभियंता, वास्तुविशारद, अनुवादक, कलावंत असे ‘मुक्त व्यावसायिक’ पहिल्या गटात येतात आणि त्यांना स्थानिक व्यापार करही लागत नाही; दुकान किंवा व्यापार करणाऱ्याला मात्र आपल्या धंद्याची तिथल्या अर्थव्यवस्थेला गरज आहे हे पटवावे लागते. धंदा नीट उभा राहिला तर धंदेवाल्याला तीन वर्षांनी कायम रहिवास मागता येतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराने म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी अशी अट आहे, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ‘आता जर्मनीला जाऊ’ म्हणणाऱ्या अनेकांना ती ऐकून धक्का बसतो. आरोग्य विमा सक्तीचा आहे. भारतातून थेट जाणाऱ्या व्यावसायिकाला सरकारी विमा योजनेत शिरकाव अवघड असतो, खासगी विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो आणि पंचावन्न वर्षांनंतर सरकारी योजनेत परतणे जवळजवळ अशक्य होते. आयकराचा दर सगळे विचारतात, या हप्त्याविषयी कोणीच विचारत नाही. जर्मन भाषेवाचून तिथल्या कचेऱ्यांत निभाव लागत नाही, हेही ओघाने आलेच.

पोर्तुगालचे नाव गेली काही वर्षे फार गाजले. परदेशातून येणाऱ्यांसाठीची दहा वर्षांची प्रसिद्ध करसवलत २०२४ पासून, काही संक्रमणकालीन अपवाद वगळता, नव्या अर्जदारांना बंद झाली. तरी तिची जाहिरात अजून फिरते आहे. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचा व्हिसा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते, जे आपल्या अनेक व्यावसायिकांना शक्य आहे. स्वतंत्र व्यावसायिकाला पहिल्या वर्षानंतर सेवेच्या उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांवर २१.४ टक्के सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागते. शिवाय २०२३ मध्ये तिथली जुनी स्थलांतर यंत्रणा मोडून नवी आली तेव्हा तिच्याकडे प्रलंबित प्रकरणांचा लाखोंचा डोंगर वारशाने आला, त्यामुळे कागद हाती पडायला किती काळ लागेल हे धीर धरूनच पाहावे लागते.

बाकीच्या देशांबद्दल थोडक्यात. एस्टोनियाची ‘ई-रेसिडेन्सी’ डिसेंबर २०१४ पासून आहे. तिने घरबसल्या कंपनी काढता येते, पण तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही आणि भारतातला करही टळत नाही. सिंगापुरात कंपनी कर सतरा टक्के आहे, कारभार उत्तम आहे, परंतु एक संचालक स्थानिक रहिवासी लागतो आणि उद्योजकाचा परवाना नावीन्यपूर्ण उद्योगांसाठी राखलेला आहे. ब्रिटनचा उद्योजक व्हिसाही आता मान्यताप्राप्त संस्थेच्या शिफारशीवर आणि कल्पनेच्या नावीन्यावर मिळतो, साध्या सल्लागाराला तो मिळणे कठीण. कॅनडाची स्वयंरोजगार योजना मुळात कला आणि क्रीडा क्षेत्रापुरती होती आणि ३० एप्रिल २०२४ पासून तिचे अर्ज घेणे थांबवले गेले. ऑस्ट्रेलियाने आपला व्यवसाय-गुंतवणूक व्हिसा जुलै २०२४ मध्ये बंद केला. या सगळ्यावरून एवढे दिसते की नोकरदारासाठी दारे उघडी ठेवणारे देश छोट्या व्यावसायिकाकडे संशयानेच पाहतात.

मालमत्तेचा विषय टाळून चालणार नाही. अनिवासी झाल्यावर बँकेतले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते आणि त्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. निवासी असताना ही मर्यादा अडीच लाख डॉलर असून, गुंतवणुकीसाठी दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर वीस टक्के कर आगाऊ वसूल होतो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण वर्षभर भांडवल अडकते. शेतजमिनीचे तर वेगळेच आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही आणि परकीय चलन कायद्याने अनिवासी भारतीयाला तसेच परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ‘ओसीआय’धारकाला ती विकत घेण्याची मुभा नाही, वारसाने आलेली ठेवता येते. त्यामुळे वडिलांच्या शेताला लागून असलेला बांधापलीकडचा तुकडा घ्यायचे ज्यांच्या मनात आहे त्यांनी तो व्यवहार आणि विमानाचे तिकीट यांचा क्रम विचारपूर्वक लावावा.

आपल्या वृत्तपत्राकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. पुरवणीत पुढच्या वेळी कुठल्याही देशाविषयी लेख येईल तेव्हा भारतीय पारपत्रावर स्वतःच्या व्यवसायासाठी तिथे कोणता व्हिसा मिळतो, तो किती मुदतीचा असतो, नूतनीकरणाला किती उत्पन्न दाखवावे लागते आणि आरोग्य विम्याचे काय, एवढे लेखकाकडून लिहून घ्यावे. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘टॅक्स फ्री सेटलमेंट’च्या जाहिराती असतात. त्या छापू नयेत असे मी म्हणणार नाही, वृत्तपत्रही अखेर चालवावे लागते. मात्र अशा जाहिरातीत व्हिसाचा प्रकार आणि त्याची मुदत ‘टॅक्स फ्री’ या शब्दांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची अट आपल्या जाहिरात विभागाला घालता येईल का, हे कृपया पाहावे.

आपला विश्वासू,
एक सनदी लेखापाल, पुणे ३८